न हलणारा डबा

माझा धाकटा भाऊ काचसामानाच्या गोदामात एकोणीस वर्षं पॅकिंग करतोय. पेले, बरण्या, दिव्यांच्या काचा, जे म्हणून फुटू शकतं ते सगळं त्याच्या हाताखालून जातं. त्याची तपासणी एकच. खोकं भरलं की कानाशी धरायचं आणि हलवायचं. आतून आवाज आला तर पुन्हा उघडायचं, नाही आला तर चिकटपट्टी मारायची. गोदामातले लोक त्याला खोकेमास्तर म्हणतात. थट्टेने म्हणतात, पण त्याला ते नाव मनापासून आवडतं.

हा माणूस बोलतो मोजकं. आमच्या घरातलं सगळं बोलणं माझ्या वाट्याला आलंय, हे आधीच सांगून टाकते.

माझी भावजय रुग्णालयात तपासणीची यंत्रं चालवते. नवं यंत्र शिकायला तिला तीन महिने दुसऱ्या शहरात जावं लागलं आणि सहा वर्षांची लेक बापाच्या ताब्यात आली. तिला आम्ही मुंगी म्हणतो, कारण ती काडीएवढी आहे आणि सतत काहीतरी उचलून कुठेतरी नेत असते. आंघोळ, वेणी, अभ्यास, सगळं मी बघतो, असं माझ्या भावाने बायकोला छातीठोकपणे सांगितलं होतं. वेणीसुद्धा बरी घालायचा. दोऱ्या बांधायची सवय होतीच.

शाळेचा डबा मात्र मी पहिल्या सोमवारी पाहिला आणि कपाळाला हात लावला. डब्यात पुठ्ठ्याचे कप्पे. उकडलेल्या अंड्याला कागदाचा अंगरखा. सफरचंदाची प्रत्येक फोड वेगळी गुंडाळलेली, काकडीचे तुकडे उभे दाबून बसवलेले. द्राक्षंसुद्धा एकेक करून कागदात. झाकण लावून त्याने डबा कानाशी धरला, हलवला, मग मुंगीच्या कानाशी धरला. दोघांनी एकमेकांकडे बघून मान डोलावली. मी दोन मुलगे वाढवलेत. बारा वर्षं पावाला जॅम फासून डबे दिले आणि दोघेही दारातून वाकून आत येतात. पण माझं कोण ऐकतंय.

त्या संध्याकाळी डबा घरी आला तो भरलेला. मंगळवारीही तेच. अंडं अंगरख्यात, द्राक्षं कागदात. भावाने विचारलं, आवडला नाही का? मुंगी म्हणाली, खूप आवडला. याहून जास्त काही सांगेना. त्याला वाटलं पदार्थ बदलावेत. त्याने चीजच्या चांदण्या कापल्या, गाजराची फुलं केली, उकडलेल्या बटाट्याचं उंदराचं पिल्लू केलं आणि शेपटीसकट गुंडाळलं. पिल्लू जसंच्या तसं परत आलं.

दुसऱ्या आठवड्यात शाळेतल्या बाईंची चिठ्ठी आली. मुलगी दुपारी बाकावर डोकं टेकून झोपते, डबा खात नाही. मी तिला वजनकाट्यावर उभी केली. आधीच काडी, त्यात सव्वा किलो गेलेलं. मला काळजी वाटली की मी चिडते. मी भावाला फैलावर घेतलं. खेळ मांडलाय का, पोरीला खायला घालायचंय की प्रदर्शनाला पाठवायचंय, असं बरंच बोलले.

"शनिवारी मी तिला माझ्या घरी नेते," मी शेवटी म्हणाले. "तिची आई येईपर्यंत राहील माझ्याकडे. तुला हे जमत नाहीये."

तो डब्याचं झाकण पुसू लागला. मग म्हणाला, "आई लांब गेलीय तिची. आता बापही लांब?"

मला गलबलून आलं, पण मी मागे हटले नाही. उपाशी पोर मी बघू शकत नाही. त्याने शुक्रवारपर्यंतची मुदत मागितली आणि मी दिली. शुक्रवारचा डबा रिकामा आला तर मुंगी इथेच राहील, असं ठरलं.

गुरुवारी संध्याकाळी तो कामावरून आला तेव्हा मी तिथेच होते. ओट्यावर डबा होता, अर्थातच भरलेला. मी तो रिकामा करायला हात घातला तर त्याने थांबवलं. त्यांच्या गोदामात परत आलेला माल लगेच बाहेर काढत नाहीत. आधी नुसता बघायचा. कागद कुठे चुरगळलाय, पट्टी कुणी उचललीय, ते बघायचं आणि मगच हात लावायचा. इतके दिवस हा बाप म्हणून डबा उघडत होता आणि खट्टू होत होता. त्या दिवशी पहिल्यांदा तो खोकेमास्तर म्हणून खुर्चीत बसला आणि चष्मा पुसून बघू लागला.

"ताई," तो म्हणाला, "हे मी बांधलेलं नाही."

मी म्हटलं, मग काय गोदामातून माणूस येऊन बांधून गेला? त्याने मला एक द्राक्ष दाखवलं. तो शेवटची घडी उजव्या अंगठ्याने दाबतो, त्यामुळे कागदाचं टोक नेहमी एकाच बाजूला येतं. इथे ते उलट्या बाजूला होतं. सगळ्या द्राक्षांचं, सगळ्या फोडींचं. आणि घरात डावरं माणूस एकच आहे.

त्याने मुंगीला हाक मारली. का खाल्लं नाहीस, असं विचारलंच नाही. "बांधणी छान आहे," म्हणाला. "तूच केलीस ना?"

पोरीचा चेहरा असा उजळला की काय सांगू. मग सगळं भडाभडा बाहेर आलं. मधल्या सुट्टीत तिच्या बाकाभोवती वर्गातली पोरं जमतात. प्रत्येकाला एक पुडी उघडायची असते. सगळ्या उघडून होईतो अर्धी सुट्टी संपते आणि उरलेल्या अर्ध्या सुट्टीत ती सगळं पुन्हा बांधते.

"पण खात का नाहीस गं?" मला राहवलं नाही.

"एकदा दोन द्राक्षं खाल्ली होती, आत्या," ती म्हणाली. "तर डबा वाजायला लागला."

माझ्या भावाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने ते लपवलं नाही. मलाही माझी लाज वाटली. पोर नखरे करतेय, असं मी चार घरी सांगून आले होते. आणि ती बाबांचा डबा वाजू नये म्हणून दोन आठवडे उपाशी राहत होती.

पण रडत बसणारा हा माणूस नव्हे. डोळे पुसून त्याने भिंतीवरचं घड्याळ काढून वेळ मोजायला जमिनीवर ठेवलं, मुंगीला समोर बसवलं आणि दोघांनी काम सुरू केलं. काय एका हाताने उचलता येतं, काय एका घासात मावतं, ते एकेक करून खाऊन बघायचं. पावाला लोणी आणि किसलेलं गाजर लावून गुंडाळी केली, तिची चाकं कापली. पास. बटाटा आणि चीज कुस्करून बोराएवढे गोळे. पास. अख्खं अंडं नापास, चार तुकडे केल्यावर पास. काकडीची होडी दोनदा उलटली म्हणून ती बाद झाली. मी जॅम सुचवला, तर बापलेकींनी त्याला डब्यातला एक कोपरा देऊ केला. खाता खाता पोरीचं जेवणही होऊन गेलं.

पोरांच्या गर्दीचं काय करायचं, हा प्रश्न उरला. त्यावरही मास्तरांनीच तोड काढली. बटणाएवढं एक बिस्किट सात कागदांत गुंडाळून डब्याच्या तळाशी ठेवलं. वरचं सगळं संपलं की मगच ते उघडायचं.

सकाळी डबा भरला, बिस्किटाखेरीज काहीच न गुंडाळता. त्याने सवयीने तो कानाशी नेला. आत गोळे घरंगळत होते, ते टोचून खायचा काटा आपटत होता. त्याचा हात झाकणावर थबकला. मी बघत होते. त्याने डबा तसाच दप्तरात घातला आणि तिला नेऊन सोडलं.

शाळा सुटायच्या वेळी आम्ही दोघं फाटकाशी उभे होतो. तिचे कपडे घ्यायला मी मोठी पिशवी आणली होती, शब्द म्हणजे शब्द. मुंगी पळत आली. सगळी पोरं ओरडत होती, खा लवकर, खा लवकर, असं ती धापा टाकत सांगू लागली आणि तिच्या दप्तरातून खुळखुळ आवाज येत होता.

भावाने डबा घेतला, कानाशी धरला आणि हलवला. आत नुसता काटा वाजत होता. त्याने पुन्हा हलवला. मग डबा तिच्या हातात देऊन म्हणाला, "घरापर्यंत वाजवत चल."

ती पुढे वाजवत निघाली आणि तो तिच्या मागून. मी माझ्या पिशवीची घडी घातली. उजव्या अंगठ्याने दाबली आणि पर्समध्ये ठेवून दिली.