मागच्या सीटवरचा घड

सांगलीत बंद बॉडीची एक जुनी जीप विकायला होती. आई, बायको, पोरं, सगळे एका गाडीत! हरखून मी आमच्या तासगावच्या मिस्त्रींना गाडी दाखवायला नेलं. उभी हयात फौजेचे ट्रक हाकलेला हा माणूस इंजिनाशी बोलतो, गिऱ्हाइकाशी क्वचित. बॉनेट उघडून त्यांनी कान लावला, दोनदा "व्हय, व्हय" म्हणाले आणि बॉनेट आपटलं. मग पिशवीतून पिकलेल्या द्राक्षांचा घड काढून मागच्या सीटवरच्या दांडीला बांधला.

"हे कशाला?"

"तुमची आई हितंच बसनार न्हवं? पुढं बसल्यावर कुटलीबी गाडी ग्वाडच लागती."

खड्ड्याखड्ड्यांतून त्यांनी गाडी फिरवून आणली. एक मणी गळला नाही! मला काही राहवेना. त्यांना बाजूला बसवून मीच स्टिअरिंग धरलं आणि त्याच रस्त्यानं झोकात चक्कर मारून आलो.

उतरून मागं पाहिलं, तर सीटवर मण्यांचा सडा. मिस्त्रींनी त्यातला एक उचलून तोंडात टाकला.

"गाडी लय झ्याक हाय. डोळं झाकून घ्या," ते म्हणाले. "आईला तेवढं यष्टीनं पाटवा."