रशीदचं सुलटं, माझं उलटं

रशीद गेल्याचं मला मशिदीच्या भोंग्यावरून कळलं. मी दुकानात बसून बोअरच्या एका जळक्या मोटरीतलं जुनं तांबं उपसत होतो. भोंग्यावर त्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव आणि मग 'मोटरवाले' असं म्हणाले, तशी हातातली पक्कड हातातच राहिली. रस्त्याच्या पलीकडं त्याचं शटर सकाळपासून बंद होतं आणि मी मनात म्हणत होतो, गेला असंल कुठंतरी भाव खायला. झोपेतच गेला म्हणे. कुणाला तसदी नाही, दवाखाना नाही. जाणं पण त्याला साधलं. कब्रस्तानात गेलो तर एवढी माणसं... कॉलेजची पोरं, कंपन्यांतले साहेब, सिल्लोडहून जीपा भरून आलेले नातेवाईक, गाडी बंद करून आलेला चहावाला. मी मागं उभा राहिलो. मनात पहिलं काय आलं ते सांगतो, खोटं लिहायचं असतं तर पेपरला द्यायला हे कागद घेऊन बसलोच नसतो. मनात आलं, माझ्या मयताला एवढी येणार नाहीत.

आम्ही दोघं एकाच उस्तादाच्या हाताखाली तयार झालो. मी बिडकीनच्या माळावरचा, मेंढरामागं फिरणाऱ्या घरातला, शाळा चौथीपर्यंत. तो सिल्लोडचा, बाप जिनिंगमध्ये सरकी भरायचा. त्याची शाळा माझ्यापेक्षा एका इयत्तेनं जास्त आणि ते तो कधी विसरू द्यायचा नाही. जळालेल्या मोटरीत नवी तांब्याची तार भरायची, हा आमचा धंदा. त्याची बोटं बायकांसारखी बारीक, म्हणून पंखे, मिक्सर त्याच्याकडं गेले. माझा पंजा फावड्यासारखा, म्हणून शेतातले पंप माझ्याकडं. पुढं समोरासमोर दुकानं टाकली. पंपाच्या मोटरीला तीन वायरी असतात. त्यांतल्या कोणत्याही दोन आलटून पालटून लावल्या की मोटर उलटी फिरते. आवाज तेवढाच करते, पाणी मात्र करंगळीएवढं टाकते. म्हणून उस्तादाचा नियम होता, आधी फिरणं बघायचं, मग बिडी पेटवायची. कोणती वस्तू कोणत्या अंगाला फिरते हे बघण्यात आमचा जन्म गेला.

मग दुष्काळाची ती सलग वर्षं आली. लोकांचे हाल मला दिसत होते, पण दुकान माझं तेव्हाच चाललं हे पण खरं. पाणी खाली गेलं, बोअर खोल गेले, कोरड्या चालून मोटरी जळाल्या. माझ्या दारात मोटरींचा ढीग रस्त्यापर्यंत यायचा आणि रशीद पलीकडं स्टुलावर बसून बघायचा. तेव्हा मी मोठा होतो. असं चाललेलं असताना कारखान्यातले एक साहेब आले. हातात आगपेटीएवढी मोटर. रिमोटवर उडणाऱ्या खेळण्यातल्या हेलिकॉप्टरची. आली आधी माझ्याकडं, हे लक्षात ठेवा. तार केसासारखी. मी म्हणालो, "साहेब, हे माझ्या हाताचं काम नाय. समोर जा." आणि बोट दाखवलं. ते बोट मला अजून सलतं. रशीदनं मोटर भरून दिली, साहेब खूश झाले, येत-जात राहिले, आणि बदली झाली तेव्हा अख्खं हेलिकॉप्टर त्याच्याकडं ठेवून गेले. माझ्याकडं आले असते तर माझ्याकडं ठेवून गेले असते.

शहराच्या बाहेर एका गावाचं तळं आटून त्याचा तळ भेगाळून पडला होता. तिथं रशीद उडवायला शिकला. त्याचं बघून कॉलेजची पोरं आपापली यंत्रं घेऊन यायला लागली. काठावर बाया टँकरची वाट बघत घागरी घेऊन बसलेल्या असायच्या, तेवढीच त्यांची करमणूक. रशीद हेलिकॉप्टर उंच न्यायचा आणि वर गेल्यावर मोटर बंद करायचा. एकदम शांत. खाली येताना नुसत्या वाऱ्यावर पाती फिरत राहायची, जमिनीजवळ आलं की तो रिमोटवरून पात्यांचा कल बदलायचा आणि ते अलगद टेकायचं. घार बसावी तसं. बाया "आगं बया" म्हणायच्या. मला ते पाहिजे होतं, ते बंद मोटरीचं उतरणं. दुसरं काही नको होतं.

पण त्याच्यासारखं करून काय उपयोग? त्या खेळण्यांची पाती सगळी एकाच अंगाला फिरतात. वरून बघितलं तर घड्याळाच्या काट्यासारखी. मी चहाच्या गाडीवर म्हणालो, ह्याला पण तीनच वायरी हायेत, दोन बदलल्या की उलटं फिरंल. रशीद सगळ्यांसमोर हसला. "कोंडू, ये तेरा बोअर का पंप नै है. पात्याची गोल कड हवा कापती. उलटं फिरवशील तर बारीक कड पुढं येईल. जिधर बनानेवाला बोला, उधरीच घूमेगा."

मी म्हणालो, "बनानेवाला म्हणजे काय देव हाय का? साहेबच सांगत होते, अमेरिकेतली खरी हेलिकॉप्टरं उलटी फिरतात आणि फ्रान्सची सुलटी. मग?"

"तो तू अमेरिका का है क्या? तू बिडकीन का है!"

सगळी गाडी हसली. त्या हसण्यात माझं ठरलं. आमच्या घरात हे जुनंच आहे. बाप डावखुरा होता. लोकर कातताना चाती उलट्या अंगाला फिरवायचा, म्हणून त्याच्या सुताचा पीळ उलटा पडायचा. घोंगड्या विणणारा कटकट करायचा, की तुझं सूत दुसऱ्याच्या सुतात घालता येत नाही. बाप म्हणायचा, मग घालू नको, माझी घोंगडी वेगळी वीण. मरेपर्यंत त्यानं हात बदलला नाही आणि ती घोंगडी माझ्याकडं अजून आहे.

एका पोराचं आपटलेलं हेलिकॉप्टर मी विकत घेतलं. वायरी बदलल्या. पाती काढून पालथी घालून बसवली, म्हणजे गोल कड पुढं आली. चालू केलं तर मोटर बोंबलतेय आणि पाती जागची हलत नाहीत. ह्या यंत्राच्या दांड्यावर सायकलच्या फ्रीव्हीलसारखी एक बेअरिंग असते. पायडल थांबवलं तरी सायकलचं चाक कसं फिरत राहतं, तसंच. मोटर फिरते तेव्हा ती पात्यांना पकडते, मोटर थांबली की सोडून देते. ती बसवलेली सुलट्यासाठी. माझ्या अंगाला ती पकडायचं सोडून नुसतीच सटकायला लागली. मी म्हणालो, सटकतेस काय? भोक पाडलं आणि आरपार खीळ ठोकली. आता मोटर फिरंल तिकडं पाती फिरणार. मग तळ्यावर नेलं तर सगळं धड भोवऱ्यासारखं गरगरलं, कारण शेपटीचं छोटं पातं अजून जुन्याच बाजूला जोर लावत होतं. ते बदललं. आणि उडालं! सगळ्या शहरात उलटं फिरणारं एकटं माझं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. रशीदनं वाजवल्या नाहीत. तो खाली बसला, वाकून दांडा बघितला आणि खिळीवर नख मारलं. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

पण उतरणं बाकी होतं. तळ्यावर पुष्कळ माणसं जमली होती असा दिवस बघून मी रिमोट हातात घेतला. म्हणालो, आज मी पण मोटर बंद करणार. रशीद जवळ आला. "नक्को कोंडू. पहले खीळ निकाल. फ्रीव्हील उलटा करके मैं बिठाके देतूं. खीळ हाय तोवर मोटर थांबली की तुझी पाती पण थांबतील."

मी म्हणालो, "तुझ्या पोटात दुखतंय."

"हौ, दुखताय. फिर भी नक्को."

मी बंद केली. वर क्षणभर ते तसंच राहिल्यासारखं वाटलं... मग मोटरीनं पाती धरून ठेवली आणि ते दगडासारखं खाली आलं. भेगाळलेल्या मातीवर काय आवाज झाला! टँकरच्या रांगेतली एक म्हातारी उठून उभी राहिली. "आगं बया, पडलं की रं इमान! त्याच्यात पाणी व्हतं का?" लोक हसले. रशीद हसला नाही, तो तुकडे रुमालात गोळा करत फिरत होता. हसला असता तर बरं झालं असतं. न हसणारा माणूस मोठा दिसतो.

मी ते पुन्हा बांधलं. पुन्हा उलटंच. आणि खीळ पुन्हा ठोकली. सांगणारा दुसरा कोणी असता तर काढली असती, पण सांगणारा रशीद होता. तेव्हापासून रोजचं ठरून गेलं. सकाळी मी शटर वर केलं की तो पलीकडून ओरडायचा, "कोंडू, खीळ निकाली क्या?" मी ओरडायचो, "नाय!" मग दोन्ही दुकानं चालू. नवीन गिऱ्हाईकाला वाटायचं आमचं भांडण आहे.

पुढं पाऊस झाला, तळं भरलं, आमचं मैदान गेलं. शहर चहूकडं पसरत होतं. बिडकीनकडं कारखान्यांसाठी एवढे रुंद रस्ते झाले की त्यावर चिटपाखरू नसायचं. रविवारी आम्ही तिथं जायला लागलो. माझा बाप जिथं मेंढरं बसवायचा, नेमकी ती जागा. मी पोरांना सांगायचो, इथं आमचा वाडगा होता. कोण ऐकतंय? सगळ्यांच्या माना वर, रशीदच्या यंत्राकडं. माळ माझा आणि नाव त्याचं. एकदा पेपरात फोटो आला, ह्याच पेपरात. रशीद मधोमध, हातात हेलिकॉप्टर. मी शेजारीच उभा होतो, पण फोटोत माझा अर्धा कान आला. रशीदनं ते कात्रण दुकानात लावलं आणि आल्या-गेल्याला म्हणायचा, "ये कान देखो, कोंडूभाई का है." लोक हसायचे. तो कौतुकानं म्हणायचा की मुद्दाम, हे मला कधी कळलं नाही.

त्याचा चाळिसावा दिवस झाल्यावर त्याच्या पोरीनं, नसीमनं, मला बोलावलं. दुकान भाड्यानं द्यायचं होतं, सामान आवरत होती. म्हणाली, "चाचा, आतल्या खोलीत एक वस्तू आहे, ती तुम्हीच बघा." आढ्याच्या हुकाला काहीतरी टांगलेलं, वर जुनी चादर. तिनं चादर काढली. हेलिकॉप्टर. मी म्हणालो, हे कोणतं, हे मी कधी बघितलं नाही. मग जवळ गेलो आणि पात्याला हात लावला. गोल कड दुसऱ्या बाजूला होती. माझ्या बाजूला. एका बोटानं पातं माझ्या अंगाला, उलट्या अंगाला ढकललं... आणि ते मोकळं फिरायला लागलं. मोटर गप्प, पाती आपली फिरतायत. खीळ नव्हती. त्यानं फ्रीव्हील उलटं करून बसवलं होतं.

मी विचारलं, "हे कधी केलं त्यानं?"

"लई दिवस चाललं होतं. मला सांगून ठेवलं होतं, तेरे कोंडूचाचा को दिखना नक्को. घरी आले की बडबडायचे, साला सारे शहर में एक उसकाच उलटा घूमता. चाचा, अब्बा तुमच्यावर लई जळायचे."

"काय म्हणालीस?"

"जळायचे तुमच्यावर."

"परत सांग."

ती हसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "घरात सगळ्यांना ठाऊक होतं चाचा. तुम्हालाच नव्हतं?"

मला नव्हतं. मेलेल्याच्या दुकानात उभा राहून मला एवढं बरं वाटलं की मी तोंड फिरवून खिडकीकडं बघत राहिलो. तो पण माझ्याकडं बघून जळत होता. पोटात दुखताय म्हणाला होता ते खरंच म्हणाला होता. मग मला राहवलं नाही. विचारलं, "उडवलं का हे?"

"एकदा. बिडकीनच्या रस्त्यावर, मी सोबत होते."

"मोटर बंद केली?"

ती माझ्याकडं बघून अंदाज घेत होती. "केली."

"मग?"

"बसलं चाचा. अलगद."

म्हणजे उलटं पण त्यानंच उतरवलं. माझ्या बापाच्या माळावर, माझ्या अंगाला फिरणाऱ्या पात्यांवर, माझ्या आधी. मी नसताना. मी त्याच्यावर एवढा चिडलो की तो समोर असता तर गचांडी धरली असती... आणि तो नव्हता.

नसीमनं ते मला दिलं. मी नको म्हणालो नाही. आता ते माझ्या दुकानात टांगलंय, शेजारी माझं टांगलंय. उडवत नाही. पडलं तर त्याच्या हातचं गेलं, आणि बसलं तर तो पुन्हा जिंकला. सकाळी उदबत्ती लावायच्या आधी त्याचं पातं एका बोटानं ढकलतो. उदबत्ती लावून होते, फडकं मारून होतं, मी येऊन खुर्चीत बसतो, तरी ते आपलं फिरतच असतं. माझं ढकललं तर मोटर धरते आणि जागीच थांबतं. नात म्हणाली, आजोबा, आता तरी काढा ती खीळ, आता कुठं कोण सांगायला आहे? तिला काय कळतंय. सांगायला कोणी नाही, म्हणूनच ती निघत नाही.

समोर आता मोबाइलचं दुकान झालंय. नवी पाटी, नवं शटर, मुलगा चांगला आहे, रामराम घालतो. मी माझं शटर वर करतो, पलीकडं बघत थोडा वेळ तसाच उभा राहतो. तो पोरगा पहिल्यांदा विचारत होता, "काका, काय म्हणालात?" आता विचारत नाही. त्याला सवय झालीय, की समोरचा म्हातारा रोज सकाळी रस्त्याकडं तोंड करून मोठ्यानं "नाय!" म्हणतो आणि मग कामाला बसतो.