बांगड्याचा काटा नव्हता

आमच्या नातेवाइकांत पक्कं ठरलेलं आहे की, गेल्या वर्षी माझ्या घशात बांगड्याचा काटा अडकला आणि तोही बायकोच्या निष्काळजीपणामुळे. हे खोटं आहे, आणि ते मी पसरवलं.

सुरुवात हिरड्यांपासून झाली. सकाळी चूळ भरली की बेसिन लाल. मग घास गिळताना छातीत दुखू लागलं. मला कॅन्सरची धास्ती बसली, कारण चाळीस वर्षं मी मशेरी, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड, दातांना लावत होतो. नातू झाला तेव्हा त्याच्या डोक्यावर हात ठेवून सोडली. म्हणजे घरात सोडली. मुलुंडच्या बागेत फिरायला जायचो, तिथल्या बाकावर डबी उघडायचो. भीती सांगायची तर आधी डबी सांगावी लागणार. माझा मोतीबिंदू वाढल्यापासून बायको मला माशाचे काटे काढून देत असे. म्हणून एका दुपारी जेवताना ओरडलो, "काटा!"

तिने कोरड्या भाताचे गोळे गिळायला लावले. मग केळं. मग पुन्हा भात. खरा काटा असता तर कंटाळून गेला असता. मी वहिनीला फोनवर सांगितलं, वहिनीने घाटकोपरपासून कणकवलीपर्यंत सगळ्यांना. बायकोने मासे आणणंच बंद केलं. मालवणी घरात तीन महिने दुधी!

रक्त थांबेना, तेव्हा मुलाने दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे धाडलं. बायको सोबत आली.

"आजोबा, तंबाखू?"

"सोडली."

त्यांनी गालाच्या आत कापूस फिरवला आणि आम्हा दोघांसमोर धरला. काळाकुट्ट.

आता नातवाची शपथ निघणार, असं मला वाटलं. बायको म्हणाली, "म्हणजे काटा नव्हता?"

"नव्हता."

"अहो, तीन महिने मी दुधी खाल्ला!"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. हिरड्यांना सूज, दातांवर किटणाचा थर, त्यात मशेरी, असं म्हणाल्या. मग मी गिळतानाचं दुखणंही सांगितलं. "ते मात्र दुर्बिणीने बघून घ्या. टाळू नका."

दुर्बिणीच्या तपासणीचा निकाल येईपर्यंतचा आठवडा बायको माझ्याशी भांडलीसुद्धा नाही. तेव्हा मी खरा घाबरलो. शेवटी अन्ननलिकेत साधी जखम निघाली. गुडघ्याची गोळी मी पाण्याशिवाय तोंडात टाकून लगेच आडवा व्हायचो. ती तिथेच चिकटून भाजत होती. कॅन्सर नव्हता.

बायकोने डबी कचऱ्यात टाकली आणि कुणाला काही सांगितलं नाही. मीही नाही. पुढे एका लग्नात वहिनी चारचौघांत तिला म्हणाली, "आतातरी काटे बघून वाढ गो त्याका." बायको माझ्याकडे न बघता "हो" म्हणाली. माझ्या तोंडात जिलेबी होती. ती काही केल्या उतरेना.

परवा वहिनीला फोन करून सगळं सांगितलं.

"मशेरीचा सगळ्यांका ठावक होता रे," ती म्हणाली. "पण काटो नव्हतो? मेल्या, दी तिका फोन!"

फोन तासभर परत मिळाला नाही. स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज येत होता, "नाय वो वहिनी, उद्या बांगडेच करतंय. ह्यांका दुधी."