राहून गेलेला नारळ

औंधहून वडूजकडं निघालं की मधे बोरमळ्याचा फाटा लागतो. फाट्यावर गावाची पाटी आहे, पण ती बघायची तर आधी वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचे गॉगलवाले बाजूला सारावे लागतात. गाव कोरडवाहू, ज्वारी, हरभरा, थोडाफार कांदा. मात्र दोन गोष्टींचा तोटा बोरमळ्यात कधीच पडला नाही, दगडांचा आणि मंडळांचा. दोन तरुण मंडळं, एक भजनी मंडळ, माजी सैनिकांची संघटना, बायकांचे बचत गट. कुठल्याच मंडळाचा अध्यक्ष झाला नाही असा माणूस गावात दिवा घेऊन शोधावा लागेल.

या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत अफसाना मणेर शिकवतात. सगळे त्यांना बाई म्हणतात. बाई औंधच्या. वडील बशीरभाई बांगडीवाले, यमाईच्या जत्रेत त्यांचं दुकान ठरलेल्या जागी लागायचं आणि एरवी ते सायकलवर बांगड्यांची पेटी बांधून गावोगाव फिरायचे. लेक डीएड झाली, नोकरीला लागली, तेव्हा बशीरभाईंनी आख्ख्या आळीला फुकट बांगड्या भरल्या. बाई रोज औंधहून स्कूटीवर येतात. स्वभाव गोड वगैरे अजिबात नाही. शाळेच्या फाटकाला जनावर बांधलेलं दिसलं तर त्या मालकाला बोलावत नाहीत, जनावर सोडून देतात आणि मग मालक शोधत हिंडतो. पण पोरांना त्यांचा लळा असा की आजारी पोरगंसुद्धा नाक ओढत शाळेत हजर.

शाळेत शिक्षक दोनच. मुख्याध्यापक नाथाजी गुरुजी निवृत्तीला आलेले, एका कानानं कमी ऐकणारे, तंट्याच्या बाजूला नेमका तोच कान करणारे. आणि दुसऱ्या या अफसाना बाई. यंदा पहिलीला पोरं आली नाहीत तर पट घसरणार, एक जागा जाणार आणि ती जागा बाईंची असणार, हे उघड होतं. मग चारही वर्ग एकट्या गुरुजींच्या गळ्यात. बाईंना बदलीची भीती नव्हती. काळजी होती ती मागं राहणाऱ्या पोरांची.

पहिलीला येण्याजोगी पोरं होती, पण ती बहुतेक ओढ्यापलीकडची. आणि ओढ्यापलीकडची घरं आकाराम नानांच्या तोंडाकडं बघून चालायची. नानांची नात सृष्टी जिकडं जाईल तिकडं बाकीची जाणार. नानांनी तर वडूजच्या इंग्रजी शाळेच्या बसवाल्याला दारापर्यंत गाडी कशी वळते ते दाखवूनही ठेवलं होतं.

बाईंनी ठरवलं, वाद घालायचा नाही, दाखवायचं. फेब्रुवारीतल्या स्नेहसंमेलनात पोरांनी आठवडी बाजार भरवायचा. पोरंच दुकानदार, पोरंच गिऱ्हाईक, हिशेब तोंडी. अंगणवाडीची मोठी पोरंही त्यात घेतली. सृष्टीला बांगडीवाली केलं. बशीरभाईंनी न खपलेल्या बांगड्यांची पिशवी पाठवली होती. दहा बांगड्या सुतळीत ओवल्या की झालं एक दशक, उरल्या त्या सुट्ट्या. सृष्टी महिनाभर अंगणवाडी सुटली की बाईंच्या वर्गात येऊन दशकं बांधत आणि सोडत बसायची.

पण बोरमळ्यात संमेलन म्हणजे पोरांचा कार्यक्रम, असा समज कुणी करून घेऊ नये. संमेलन म्हणजे सत्कार. मागच्या वर्षी माईक देणाऱ्याचा सत्कार झाला, मांडव देणाऱ्याचा झाला, खाऊ देणाऱ्याचा झाला आणि मग सत्कार करून दमलेल्या पाहुण्यांचा सत्कार झाला. प्रत्येकाला नारळ, शाल, फेटा. वर ‘दोन शब्द’. दोन शब्द बोलायला उठलेला माणूस दोन शब्दांत खाली बसल्याचं सातारा-सांगलीकडं अजून कुणी पाहिलेलं नाही. पोरं गालाला लाली फासून पडद्यामागं वाट बघत झोपली. आयांनी ती तशीच खांद्यावर टाकली आणि घरं गाठली. शेवटी नाच झाला तेव्हा समोर मोकळ्या सतरंज्या होत्या आणि एक कुत्रं.

“यंदा स्टेजवर एकही सत्कार नाही,” बाईंनी बैठकीत सांगून टाकलं. नाथाजी गुरुजींनी ताबडतोब बहिरा कान पुढं केला.

शाळा समितीचे अध्यक्ष लालासाहेब, पलटणीतून सुभेदार होऊन आलेले, उसळलेच. “बाई, ह्ये डिसिप्लिनमधी बसत न्हाई. मान न्हाई तर मानूस कशाला यील?”

“मान आहे. पण घरी. सकाळी पोरं ढोल-लेझीम घेऊन फेरी काढतील. ज्यानं शाळेला काही दिलं त्याच्या दारात जाऊन, त्याच्या माणसांसमोर नारळ देतील.”

सुभेदार मिशी ओढत विचारात पडले. बचत गटाच्या भामाबाई मागं भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “आवं, बायकू दारात हुबी आनि तिच्यादेखत सत्कार! बायकूनं कवा केलाय का तुमचा? घ्या की गप!” बैठक हसली आणि ठराव पास झाला.

संमेलनादिवशी सकाळी फेरी निघाली. गाव नुसतं फुलून गेलं. बायकांनी दारात सडे टाकले, पोरांना गूळ-शेंगदाणे दिले. सुभेदारांच्या दारात तर त्यांच्या म्हाताऱ्या आईला खुर्चीत बसवून बाहेर आणलं. लेकाचे आजवर ढीगभर सत्कार झाले असतील, पण म्हातारीला शाळेपर्यंत चालवत नव्हतं, तिनं एकही बघितला नव्हता. पोरांनी नारळ दिला तशी तिनं लेकाच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. सुभेदार फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसत “धूळ लय झालीया गावात” म्हणत राहिले. मारुतीच्या देवळात फेरी संपली, आणि बाईंना वाटलं, जिंकलं.

बाजार पाचलाच मांडायचा होता. दरवर्षी ज्या ट्रॉलीचं स्टेज व्हायचं ती आली नव्हती. साडेपाच झाले, बायका येऊन बसायला लागल्या, तरी पत्ता नाही. तेव्हा सुभेदारांनी कपाळावर हात मारला. “आकाराम नाना! नानांच्या घरी कोन गेलतं?”

कुणीच गेलं नव्हतं. माईकवाला आठवला, मांडववाला आठवला, शेंगदाण्याची चिक्की देणारासुद्धा आठवला. नानांची ट्रॉली मात्र इतकी वर्षं न मागता येऊन उभी राहायची की तीही कुणी देतं, हेच सगळे विसरले होते. बशीरभाई लेकीला सांगायचे, आळीत शिरलीस तर एकही दार टाळू नको, एक टाळलंस तर बाकीच्यांच्या बांगड्या फुकट गेल्या. बापाचं हे बोलणं बाईंना तेव्हा आठवलं. फार उशिरा आठवलं.

त्या स्कूटी घेऊन ओढ्यापलीकडं गेल्या. नाना अंगणात बाजेवर बसले होते. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्याला फेटा, सकाळपासून बांधलेला. शेजारी ट्रॉली उभी, स्वच्छ धुतलेली, कडेनं झेंडूच्या माळा लावलेली. माळा सुकल्या होत्या. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. हा माणूस सकाळपासून तयार होऊन ढोलाची वाट बघत बसला होता, आणि ढोल ओढ्याअलीकडूनच परतला होता.

“नाना, चुकलं माझं.”

“तुमचं कसं चुकंल? तुमी शिकल्याल्या. गावातली समदी घरं घावली, आमचंच तेवढं घावलं न्हाई.” नानांनी त्यांच्या रिकाम्या हातांकडं बघितलं. “नारळ न्हाई आनला?”

“नाही आणला. आत्ता आणला असता तर तो ट्रॉलीसाठी आणल्यासारखा झाला असता. ट्रॉली नका देऊ. पण तुम्ही या, आणि सृष्टीला पाठवा. ती नसली तर पोरांचा बाजार अर्धा राहतो.”

“ह्या घरातलं कोन येनार न्हाई,” नाना म्हणाले आणि तोंड फिरवलं.

दारात त्यांची सून पूजा उभी होती. हाताशी सृष्टी, अंगावर नऊवारी, केसात गजरा, खांद्याला बांगड्यांची पिशवी. पोर आजोबांकडं बघत होती, आजोबा गोठ्याकडं. पूजानं डोक्यावरचा पदर सारखा केला. बाई परत फिरल्या आणि ओढ्यात स्कूटी थांबवून रडल्या. नानांवर राग नव्हता, राग स्वतःवर होता.

शाळेत सुभेदारांनी कार्यक्रम पुढं ढकलायचा हुकूम काढला होता. “स्टेजबिगर कसला प्रोग्राम?”

“आन् बाजार कवा स्टेजवर भरतोय?” भामाबाईंनी विचारलं. “उठा गं बायांनो, सतरंज्या वडा कडंला.”

बायकांनी सतरंज्या गोल पसरल्या. मधल्या मोकळ्या जागेत पोरांनी पोती अंथरली, वांगी, मेथी, खेळणी मांडली आणि बाजार सुरू झाला. आया अगदी दोन हातांवर. मग त्यांनाही राहवेना. एकीनं मेथीची जुडी उचलून घासाघीस केली, दुसरीनं तराजू बघू म्हटलं. पोरं घाबरली नाहीत, उलट जास्तच भांडली. दोन्ही तरुण मंडळांची पोरं एकाच सतरंजीवर बसून हसत होती, आणि हे बोरमळ्यात रोज दिसत नाही. फक्त बांगडीवालीचं पोतं रिकामं होतं. बाई तिकडं बघायचं टाळत होत्या.

अंधार पडता पडता ओढ्याच्या वाटेवर ट्रॅक्टरचा आवाज आला. सगळ्यांनी माना वळवल्या. ट्रॅक्टर इतका हळू येत होता की बैलगाडीनं मागं टाकावं. त्याच्या दिव्यांच्या उजेडात पुढं पूजा चालत होती, बोटाला सृष्टी. मागं ट्रॅक्टरवर फेटेवाले आकाराम नाना, आणि ट्रॉलीला त्या सुकलेल्या माळा.

झालं होतं असं की बाई गेल्यावर पूजा बराच वेळ दारात थांबली. मग लेकीचा हात धरून अंगणात उतरली आणि लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा सासऱ्यासमोर म्हणाली, “मामा, मी हिला घिऊन जाते.” ती निघाली. ओढ्यात अंधार, वाट दगडाची. नाना उठले, ट्रॅक्टर सुरू केला, गाठून म्हणाले, “बस ट्रॉलीत.” ती म्हणाली, “जाते चालत.” म्हाताऱ्याचा राग मोठा खरा, पण सून-नात अंधारात ठेचकाळत चालली असताना घरी बसण्याइतका मोठा नव्हता. पहिल्या गिअरमध्ये तो सगळ्या वाटेला उजेड धरत आला.

सुभेदारांना माईक दिसला की राहवत नाही. “आत्ताच आपल्यामधी आगमन झालेलं हाय, आपल्या गावचं भूषन...”

“सुभेदार, माईक ठिवा खाली,” नाना ट्रॅक्टरवरूनच ओरडले. “पोरीला उशीर झालाय. तिला बसू द्या आदी.” आणि त्यांनी दिवे थेट बाजारावर वळवून धरले.

सृष्टीनं पोत्यावर बांगड्या मांडल्या. दोन सुतळ्या, चार सुट्ट्या. बायकांनी भाव विचारला, तिनं ठसक्यात सांगितला. किती आहेत गं, कुणीतरी विचारलं. “दोन दशकं आनि चार सुट्ट्या. चोवीस!”

नाना खाली उतरून गर्दीत घुसले होते. दशक म्हणजे काय ते त्यांनी शेजारच्याला हळूच विचारून घेतलं. मग नातीपुढं उकिडवे बसले. “मला सात पायजेत. तुझ्याजवळ तर सुट्ट्या चारच दिसत्यात. न्हाई म्हन की.”

बाईंनी हे वर्गात बसल्या बसल्या शिकवलं होतं, एवढ्या लोकांसमोर नव्हे. सृष्टीनं आजोबांकडं बघितलं, कीव केल्यासारखं. “न्हाई कशाला म्हनू? दशक सोडायचं!” तिनं दातांनी सुतळीची गाठ सोडली, सात बांगड्या मोजून आजोबांच्या हातात दिल्या आणि उरलेल्या चाचपल्या. “एक दशक, सात सुट्ट्या. सतरा. अजून कोनाला?”

बायकांनी टाळ्या वाजवल्या. नाना मात्र सात बांगड्या मुठीत धरून उकिडवेच बसून राहिले. त्यांना चौथीतच शाळा सोडावी लागली होती आणि हातचा कुठून येतो ते आजवर कुणी त्यांना उघडून दाखवलं नव्हतं.

कार्यक्रम संपला. बायका सतरंज्या झाडत होत्या. बाई नानांकडं निघाल्या होत्या, सगळ्यांसमोर माफी मागायला, तर पूजा आडवी आली.

“बाई, जूनमधी हिला घिऊन येते. पहिलीला.”

बाईंची नजर सवयीनं तिच्या मागं, नानांकडं गेली.

“तिकडं बघू नका,” पूजा म्हणाली. “मामांना इचारलं न्हाई मी. सांगितलंय.”

ओढ्यापलीकडच्या तीन-चार बाया सतरंजीची टोकं हातात धरून हे ऐकत थांबल्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, “मग आमचीबी घ्या लिवून.” लगेच दुसरी बोलली, तिसरीनं मान हलवली. नाना ट्रॅक्टरजवळ उभे होते. सगळं ऐकू जात होतं त्यांना. त्यांनी ट्रॉलीचं मागचं फाळकं खाली सोडलं.

“समद्या बसा,” ते म्हणाले. “सून फुडं बसंल.”