वार्ताफलकावरची जांभळी सूचना

आधीच सांगून टाकतो मंडळी, भूत, चकवा, करणी, नजर असल्या कशावरही माझा काडीचा विश्वास नाही. तुमचे इथले किस्से मी रोज वाचतो आणि चहा पिता पिता हसतो. राग मानू नका. पण माझ्याकडेही एक किस्सा आहे आणि त्याला मला आजवर हसता आलेलं नाही. बायको रझिया म्हणाली, "लिहून टाका एकदाचं, माझं डोकं खाऊ नका." म्हणून लिहितोय.

मी याकूब तांबोळी. आमच्या तीन पिढ्या पुण्यात गेल्या. मुक्या जनावरांच्या एका सरकारी दवाखान्यात मी ड्रेसर होतो... म्हणजे सुई डॉक्टर टोचणार आणि चावे मी खाणार! राहायला बिबवेवाडीत, चढाच्या पायथ्याशी एका गल्लीत. गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची. मोबाईल तेव्हा घरोघरी नव्हते, पण गल्लीच्या तोंडाशी मंडळाचा वार्ताफलक होता. काळा फळा, त्यावर लोखंडी पेटी, पेटीला काचेची दारं आणि दारांना कुलूप. पोरं फळा पुसतात म्हणून हा सगळा बंदोबस्त. समोरच्या इमारतीतले भागवत सर रोज सकाळी त्यावर लिहायचे. ते मराठीचे रिटायर्ड शिक्षक. पाणी कधी येणार, कोण वारलं, कोण दहावी पास झालं... आणि प्रत्येक सूचनेखाली 'हुकमावरून'. हुकूम कुणाचा, हे विचारायची कुणाची टाप नव्हती. किल्ली एकच, तीही सरांच्या जानव्याला!

त्या वर्षी होळीच्या आधी आम्ही आमच्या भागातल्या भटक्या कुत्र्यांना रेबीजची लस टोचायची मोहीम काढली होती. पहाटे जाळी घेऊन निघायचं, कुत्रा धरायचा, टोचायचा आणि सोडायचा. एकच कुत्रा दोनदा धरला जाऊ नये म्हणून टोचलेल्याला खूण करायची. दवाखान्यात जखमांवर लावायचं जांभळं औषध असतं ना, त्याचा बोळा फिरवायचा. गल्लीतल्या बायकांना मीच ऐटीत सांगितलं होतं, "जांभळा दिसला की समजायचं, आपला आहे. बिनधास्त राहा." छाती अशी फुगली होती माझी, की शर्टाचं बटण तुटायचं बाकी होतं.

मग रंगपंचमी झाली. त्यानंतर दोन दिवसांनी संध्याकाळी शेजारची सुनंदा आली. ती मार्केट यार्डात कांदा निवडायला जायची. नवरा गेलेला, घरात ती आणि सात वर्षांची गौरी, बस्स. गौरीला पुढे ढकलत म्हणाली, "याकूबभाऊ, कुत्र्यानं वरखडलंय बघा हिला. पोटरीला. सुई घ्यावी लागंल का वो? पोटात चौदा देत्यात म्हणं..."

पोटरीवर तांदळाएवढी जखम. रक्त वाळलेलं. मी विचारलं, "कुठला कुत्रा?"

गौरीने गॅलरीतून बोट दाखवलं. खाली पाण्याच्या टाकीजवळ एक तांबडा कुत्रा बसला होता. पाठीवर जांभळं. चष्मा माझा आत टेबलावर होता. कोण उठणार आणायला!

"अगं, हा तर आपला आहे," मी म्हणालो. "टोचलेला. घाबरायचं काही कारण नाही. हळद लाव."

मंडळी, नियम मला पाठ होता. कुत्रा टोचलेला असो नाहीतर नसो, चावला की जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि दवाखाना गाठायचा. हा नियम मीच लोकांना ओरडून ओरडून सांगायचो. पण माझ्या जांभळ्याचा मला एवढा माज, की तो नियम मी शेजारणीच्या पोरीला सांगितला नाही. वर हळद सांगितली! सुनंदाचा जीव भांड्यात पडला. चौदा सुया वाचल्या म्हणून ती मला दुवा देत गेली. आजही ते आठवलं की मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

त्यानंतर पाचव्या दिवसाची गोष्ट. दुपारचे अडीच. बिबवेवाडीत त्या वेळी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. दुपारी दोन ते चार पुण्यात भूतसुद्धा झोपतं, असं मी थट्टेने म्हणायचो... आता म्हणत नाही. मी ड्युटीवरून परत येत होतो, रझिया दळण घेऊन समोरून येत होती. वार्ताफलकापाशी आमची गाठ पडली. ती म्हणाली, "हे वाचलंत का? सर तुमच्यावरच घसरलेत वाटतं."

फळ्यावर लिहिलं होतं. अक्षर देखणं, ठसठशीत.

"जांभळा दिसला म्हणजे टोचलेला, असे समजू नये. ज्यांच्या मुलीस पोटरीवर खरचटले आहे त्यांनी वामकुक्षी आवरून आजच दवाखाना गाठावा. घाई करावी. — हुकमावरून."

'घाई'तल्या 'ई'च्या डोक्यावर एक लांबलचक फराटा होता, कोंबड्याच्या तुऱ्यासारखा. तो माझ्या चांगला लक्षात राहिला, कारण पहिल्यांदा मला फक्त राग आला. म्हणजे बत्तीस वर्षं जनावरांत घालवलेल्या माणसाला भर चौकात अक्कल शिकवायची? मी तावातावाने म्हणालो, "थांब, सरांना विचारतोच. फळा काय यांच्या बापाचा आहे?"

रझिया म्हणाली, "अहो, सर कुठायत इथे? रंगपंचमीच्या आधीच नागपूरला गेलेत, लेकीच्या बाळंतपणाला. फळा पुसूनच गेले होते."

मी कुलूप ओढून पाहिलं. घट्ट बंद. काचा जागच्या जागी. काच बोटाने पुसून पाहिली, अक्षर आतच, फळ्यावर.

आणि मग ते दुसरं डोक्यात शिरलं... पोटरी. पोटरीवर खरचटल्याचं ठाऊक होतं सुनंदाला, गौरीला आणि मला. रझियालाही मी बोललो नव्हतो. सुनंदा पहाटे यार्डात जायची ती संध्याकाळी परतायची, ती कुणाला सांगणार? उन्हात उभा होतो, तरी अंगावर सर्रकन काटा आला.

"काय झालं?" रझिया म्हणाली. "असे काय पांढरेफटक पडलात?"

मी सरळ टाकीकडे निघालो. या खेपेला चष्मा होता. तांबडा कुत्रा भिंतीच्या सावलीत पडला होता. जबडा लोंबलेला, तोंडातून लाळेच्या तारा. मला पाहून उठायला गेला तर मागचे पाय फरपटले. आणि पाठीवरचं जांभळं... अहो, पंजा होता तो! लहान पोराच्या हाताचा, पाच बोटांचा पंजा. शेजारी दुसरा. शेपटीलाही रंग. पोरांनी रंगपंचमीचा पक्का रंग फासला होता त्याला. आमचा ठिपका फक्त डाव्या खुब्यावर असायचा, रुपयाएवढा. डाव्या खुब्यावर काही नव्हतं.

आमचा बोळा आणि पोरांचा पक्का रंग, दोन्ही जांभळे. एवढी साधी गोष्ट! रंगपंचमी तोंडावर असताना पुण्यात खुणेला जांभळा रंग निवडणारे आम्ही शहाणे!

"सुनंदाला यार्डातून घेऊन ये!" असं रझियाला ओरडून सांगितलं आणि मी धावलो. आयुष्यात तसा धावलो नाही. शाळेतून गौरीला उचललं. बाई म्हणाल्या, "आपण कोण? पालकांची चिठ्ठी आहे का?" मी म्हणालो, "बाई, चिठ्ठी उद्या देतो, दोन देतो, पण पोरगी आत्ता द्या." माझा चेहरा बघूनच त्यांनी सोडली असणार. नळाखाली बसवून साबणाने जखम धुतली, पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. गौरी हसत होती. म्हणाली, "चाचा, तुम्ही तर हळद सांगितली होती." मी पुन्हा साबण लावला.

तोवर रझियाने रिक्षा करून सुनंदाला यार्डातून आणलं. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "पाच दिवस काय करत होतात?" सुनंदा माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, "साहेब, चूक माझी आहे. हिची नाही." डॉक्टरांनी लगेच हातमोजे चढवले. जखमेत सिरम दिलं, दंडावर पहिली सुई दिली. पोटातल्या चौदा सुयांचा जमाना गेला होता, आता दंडावर पाच होत्या. ती, मग तिसऱ्या दिवशी, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या. डॉक्टर म्हणाले, "उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही. एकही चुकवायची नाही."

बाहेर आल्यावर सुनंदा म्हणाली, "भाऊ, खरं सांगा. माझी पोर ऱ्हाणार हाय ना?"

रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस हातचा जातो, हे मला माहीत होतं. मी तिला एवढंच म्हणालो, "आता एकही सुई मी चुकू देणार नाही." आणि पायरीवर बसून रडलो. लाज वाटायची गोष्ट नाही, रडलो!

कुत्रा आमच्या लोकांनी त्याच संध्याकाळी जाळीने धरला. पिंजऱ्यात तो दुसऱ्या दिवशी मेला. तपासणीचा रिपोर्ट आला, रेबीज. गौरीला पहिली सुई दिली त्या संध्याकाळी घरी परतताना मी वार्ताफलकाकडे पाहिलं होतं. फळा स्वच्छ, कोरा, काळाभोर. कुलूप तसंच. सूचना आम्ही दोघांनी वाचली होती म्हणून बरं, नाहीतर रझियाने मलाच दवाखान्यात नेलं असतं.

पुढचा महिना म्हणजे युद्ध होतं हो. खुणेचा रंग बदलला, जांभळा हद्दपार! गळ्यात कापडी पट्टे बांधायला लागलो. बिबवेवाडीचा आमचा सगळा पट्टा पुन्हा पिंजून काढला, टाकीमागचा, शाळेमागचा, टेकडीवरचा एकेक कुत्रा. तांबड्याबरोबर हिंडणारे सगळे धरून वेगळे ठेवले. मला दोन चावे बसले, माझ्याही सुया झाल्या. ज्या बायकांना मी 'बिनधास्त राहा' म्हणालो होतो, त्यांच्या दारोदार जाऊन सांगितलं की मी चुकलो, चावलं की साबण आणि दवाखाना, रंगबिंग काही बघायचं नाही. एका आजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चुकलो म्हणणारा सरकारी माणूस पहिल्यांदाच बघितला." मी रिटायर होईपर्यंत आमच्या त्या पट्ट्यात पिसाळलेलं कुत्रं पुन्हा सापडलं नाही. एकही नाही! हे लिहिताना आजही कॉलर ताठ होते.

आणि पाचवी सुई! गौरीने दंड पुढे केला, डोळे मिटले, 'उं' देखील केलं नाही. सुनंदाने अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. पोरांनी ताशा काढला.

भागवत सर तेव्हा नागपूरहून परतले होते. मी त्यांना सगळं सांगितलं, सूचना शब्दन् शब्द म्हणून दाखवली. ते कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "मी लिहिलेलं नाही. मी 'आवरून' लिहिणारच नाही, 'आटोपून' लिहीन." विषय संपला! मग जानव्याची किल्ली सोडून माझ्या हातात दिली. "आजचा फळा तुम्ही लिहा, तांबोळी. मान तुमचा आहे."

मी लिहिलं, "कु. गौरी हिने पाचवी सुइ न रडता घेतली. मंडळातर्फे अभिनंदन! — हुकमावरून." कुलूप लावलं, किल्ली खिशात घातली आणि घरी जाऊन जेवलो. तेव्हा दुपारचा एक वाजला असेल. चारला सुनंदा आणि गौरीला दाखवायला घेऊन आलो. काच बंद, कुलूप बंद, किल्ली माझ्या खिशात.

'सुइ'तल्या 'इ'वर एक बारीक काट मारली होती. तिच्या डोक्यावर नीट, ठसठशीत, दीर्घ 'ई' होती. आणि त्या 'ई'वर कोंबड्याच्या तुऱ्यासारखा लांबलचक फराटा.

गौरी आता नोकरी करते, गाडी उडवते, मला चष्म्यावरून चिडवते. पोटरीवरचा तांदळाएवढा डाग अजून आहे. सर आता नाहीत, वार्ताफलकही गेला, तिथे फ्लेक्स लागतात. ते अक्षर कुणाचं, बंद काचेआड ते उमटलं कसं, याचं उत्तर मला आजही मिळालेलं नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असलं तर जरूर कळवा. मला एवढंच ठाऊक आहे की त्या महिन्यात माझ्या हातून दोन चुका झाल्या होत्या, एक पोरीच्या जिवाची आणि एक शुद्धलेखनाची. दोन्ही एकाच हाताने दुरुस्त केल्या.