लडीवालं बाशिंग

अचलपुरात बाशिंगं करणारं एकच घर उरलं होतं, शहाजादीचं. पुठ्ठा कापायचा, बेगड चिकटवायची, कडेनं मोती ओवायचे. हे तिला सासऱ्यानं शिकवलं. एके काळी तुळशीचं लग्न झालं की ओटा माणसांनी भरून जाई. खेड्यांतून मामेमंडळी बैलगाड्या जुंपून यायची, भाच्यासाठी बाशिंग निवडायची आणि तिच्या हातचा चहा घेतल्याशिवाय उठायची नाहीत. मग कापसानं लागोपाठ दगा दिला. गावोगावची लग्नं एकाच मांडवात उरकू लागली आणि ओटा ओस पडला.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात तिवशाच्या सामूहिक लग्नासाठी अकरा बाशिंगं घेऊन ती एसटीनं गेली. सोबत एक डबा होता. त्यात धाकट्या बहिणीच्या, इफ्फतच्या मुलाचा, दानियालचा सेहरा होता, निकाहात नवरदेवाच्या कपाळावरून चेहऱ्यावर सोडायचा लड्यांचा पडदा. दानियालचा निकाह दुसऱ्या दिवशी अमरावतीत, राजापेठेत. त्या सेहऱ्याच्या जरीच्या लड्या ओवायला तिला महिना लागला होता.

मांडवात पाहते तर नवरदेव बारा! बारावं लग्न आदल्या दिवशीच ठरलेलं. नवरीची आई मैनाबाई, विधवा. ती हलक्या आवाजात म्हणाली, "राहू द्या. बिनबाशिंगाचंच लागू द्या लगन."

"काहून राहू देऊ?" शहाजादी म्हणाली. तिनं डबा उघडला, लड्यांवरून एकदा हात फिरवला आणि कात्री लावली. बुंदीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून तो जरीनं मढवला, खाली लड्या शिवल्या.

नवरदेवाचा काका गोवर्धन कुरकुरला, "हा त सेहरा होय. आपल्यात चालते का?"

मैनाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "अकरा जनाच्या कपाळाले हाये, अन् माह्याच जावयाच्या नाही? बांध व माय तू."

शहाजादीनं बांधलं. अक्षता पडल्या तेव्हा मांडवातल्या बाया त्याच नवरदेवाकडे पाहत होत्या.

दानियालला बाजारातला गुलाबांचा सेहरा बांधावा लागला. "आपा, मेरे ही बेटे का काटना था?" एवढंच इफ्फत बोलली, आणि पुढं वर्षभर काहीच नाही.

पण पुढच्या हंगामात तिवशाकडून लोक 'लडीवालं बाशिंग' मागायला येऊ लागले. शहाजादीची नजर अधू झालेली. हे कानावर गेलं तशी इफ्फत न बोलावता आली आणि सुई हातात घेऊन बसली. ओवता ओवता ती अजून कुरकुरते, अन् शहाजादी ऐकू न आल्यासारखी दोऱ्याला मेण लावत राहते.