मांडवीच्या वाळूत द्वारकामावशीचं गाणं

दुपारी बाराच्या एसटीने मी आणि माझी धाकटी जाऊ सुमन रत्नागिरीला निघालो. डब्यात घावनं होती आणि मांडीवर आगळाची (कोकमाच्या खारवलेल्या रसाची) बाटली. ती द्वारकामावशीला द्यायची होती.

चौथीनंतर माझी शाळा सुटली आणि त्याच वर्षी मी लावणीला (भाताची रोपं लावायला) जायला लागले. मावशी आमच्या कोंडवाडीत मजुरीला यायची. ती पहिली ओळ म्हणायची आणि तिच्या उजव्या हाताची बाई झील धरायची, म्हणजे दुसरी ओळ म्हणायची. चार वर्षं ती झील माझी होती. आता मावशी मोठी गायिका झाली होती आणि त्या संध्याकाळी रत्नागिरीत मांडवीच्या किनाऱ्यावर तिचा कार्यक्रम होता. तिला एकदा ओळख द्यावी, एवढ्यासाठीच मी निघाले होते.

वाटेत कातळावरच्या कलमांना मोहोर आला होता. एसटीतून उतरताना माझ्या चपलेचा पट्टा तुटला. सुमनने पिन लावून दिली. "मावशीसमोर अनवाणी गेलीस तर ती म्हणेल, लावणीतून उठून आलीस काय गो?"

मांडवीच्या काळ्या वाळूत खुर्च्या मांडल्या होत्या. पुढे चांगल्या साड्यांतल्या बायका बसल्या होत्या. आम्ही मागे, जेटीच्या बाजूला बसलो. ऊन कलत होतं. मावशीला दोघींनी धरून स्टेजवर आणलं. सत्तरी कधीच उलटली असेल, पण आवाज अजून शेताच्या पार टोकापर्यंत जाईल असा होता.

तीन-चार गाण्यांनंतर ती म्हणाली, "हे लावणीचं. याची झील माझी नाय. कोंडवाडीतली एक पोर धरायची. कोण आलं असंल तिकडलं, तर धरा."

आणि तिने सुरू केलं, "डोंगराआड दिवस गेला गो, रोप राहिलं हातात..."

ती थांबली. बाजाची पेटीही थांबली.

सुमनने मला कोपर मारलं. "ताई, तुझीच की गो. म्हण." ओळ माझ्या तोंडात होती. पुढच्या बायका मागे वळून बघायला लागल्या. मी खाली वाकले आणि चपलेची पिन नीट करत राहिले.

मावशीने पहिली ओळ पुन्हा म्हटली. पुन्हा थांबली. मग दुसरी ओळ तिने स्वतःच घेतली. ती म्हणताना तिचा दम तुटला. कुणीतरी पाणी दिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

कार्यक्रम संपल्यावर सुमनने मला ओढतच पुढे नेलं. मी बाटली दिली. मावशीला आता नीट दिसत नाही. तिने बाटली मांडीवर ठेवली आणि माझा हात धरला.

"कंच्या गावची गो तू?"

"इथलीच," मी म्हणाले. "मांडवीची."

सुमन माझ्याकडे बघतच राहिली. झील धरायच्या वेळी गप्प बसले, ते आता कोणत्या तोंडाने सांगायचं होतं?

मावशीने माझ्या तळव्यावरून अंगठा फिरवला. "मांडवीची," ती म्हणाली. "हात शेतातला लागतो." मग हात सोडला.

परतीच्या एसटीत सुमनने डबा मांडीवर घेतला. निवळी फाट्याच्या पुढे म्हणाली, "घावनं तशीच राहिली." आम्ही ती गार खाल्ली.

घरी सगळ्यांनी विचारलं, कसं झालं गाणं? चांगलं झालं, मी म्हणाले. खरं कुणाला सांगता येत नाही, म्हणून इथे लिहिते. दुसऱ्या दिवशी विहिरीवर मी एकटीच होते. कळशी भरता भरता ती ओळ आपोआप तोंडातून बाहेर आली, कुठे अडली नाही.

"हाताला लाव हात गो बाय, घरी जाऊ संगतीनं."

पुढे काय म्हणायचं ते मला येत नाही. पुढची ओळ मावशीची आहे.